आपलाच आवाज, जरा उशिरा

बफरताई हे नाव तिला आईवडिलांनी दिलेलं नव्हतं. ते दिलं कर्नलने, भर सभेत, आणि सभा खदाखदा हसली. त्या दिवसापासून कंपनीच्या सगळ्या मजल्यांवर ती बफरताईच झाली. नव्याने लागलेल्यांना तर वाटायचं की हे लाडाचं नाव आहे. बाई आवाजाचं काम बघतात, बफरबिफर सांभाळतात, म्हणून कुणीतरी प्रेमाने ठेवलं असेल. ती वरवर हसून घ्यायची आणि आतल्या आत दातओठ खायची.

तिचं काम काय होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तिच्या आईलाही ते कधी नीट सांगता आलं नाही. कंपनी एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवायची. घरातल्या संगणकांची नव्हे, कामाच्या यंत्रांची. नाट्यगृहातली आवाजाची टेबलं, कारखान्यातले भोंगे, रुग्णवाहिका पाठवणाऱ्या कक्षातले टेलिफोन, असल्या यंत्रांच्या पोटात ती चालायची. अशा यंत्रात आवाजाचं एक कार्ड असतं आणि सिस्टिमने त्या कार्डाशी कसं वागायचं हे सांगणारा कोड असतो, त्याला म्हणतात ड्रायव्हर. तो बफरताई लिहायची. आई शेजारणीला अभिमानाने सांगायची, "आमची ड्रायव्हर आहे," आणि शेजारीण विचारायची, "अगंबाई, कुठल्या मार्गावर?"

आणि ती बोलताना अडखळायची. अगदी लहानपणापासून. पहिल्या अक्षराशी जीभ जी अडायची ती काही केल्या पुढे सरकायची नाही. गंमत म्हणजे वडील लिलावात बोली पुकारणारे. जुनी कपाटं, बंद पडलेल्या गिरण्यांची यंत्रं, मेलेल्या माणसांचे पियानो, काय वाटेल ते तो माणूस एका दमात विकायचा. त्याच्या पोटी ही, स्वतःचं नाव सांगताना घाम फुटणारी. लिहिताना मात्र तिचं काही म्हणजे काही अडायचं नाही. म्हणून ती लिहिण्याच्या कामात शिरली, आणि तिथे तिच्यासारखं लिहिणारं दुसरं कुणी नव्हतं.

आता कर्नल. तो काही फौजेतला नव्हे. सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात आणि तो गाभा याच्या ताब्यात, म्हणून हाही कर्नल. त्याच्या सासूबाई मात्र शेवटपर्यंत जावई फौजेत आहे असं समजून होत्या आणि याने तो गैरसमज कधी दूर केला नाही, यावरून माणूस ओळखा. उंच, टापटीप, आणि बोलायला लागला की नळ सोडल्यासारखा. समोरच्याने त्याच्या वाक्यात शिरायचं कुठून तेच कळायचं नाही. पण एक कबूल करायलाच हवं, माणूस हुशार होता. गाढव असता तर त्याच्यावर उट्टं काढायला बफरताईला इतकी वर्षं लागली नसती.

भांडण काय होतं? आवाजाचं कार्ड कुणासाठी थांबत नाही. त्याला ठरलेल्या वेळी आवाजाचा पुढचा तुकडा लागतो म्हणजे लागतो. वेळेवर मिळाला नाही तर स्पीकरमधून 'टक्' असा आवाज येतो. तुकडा अगदी बरोबर असला तरी उशिरा आला की कचऱ्यातच. यालाच ते लोक रिअल-टाइम म्हणतात. हे सांभाळायच्या दोन रीती. कर्नलची रीत अशी, की ॲपने जमेल तेव्हा आवाज आत ढकलावा, सिस्टिमने तो मोठ्ठ्या बफरमध्ये साठवावा आणि कार्डाने तिथून सावकाश घ्यावा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं. टाकी मोठी असली की नळ कोरडा पडत नाही, आणि प्रोसेसरपाशी आवाजाला काही खास मान द्यावा लागत नाही. "आवाज काय सिस्टिमचा जावई लागून गेलाय?" तो म्हणायचा. "राहील की रांगेत उभा."

बफरताईची रीत उलटी. कार्डाने मागावं. मागताक्षणी सिस्टिमने ॲपमधलं एक ठरलेलं काम, ज्याला कॉलबॅक म्हणतात, त्याला हाक मारावी, बाकी सगळ्यांना बाजूला सारून प्रोसेसर त्याच्या हातात द्यावा, आणि लहानसाच, ताजा तुकडा घ्यावा. टाकी नकोच. कारण टाकीचा नळ कोरडा पडत नसेल, पण त्यातून येतं ते कधीचं तरी साठवलेलं पाणी. गाणं वाजवायला ते चालतं. बोलणाऱ्या माणसाला नाही चालत.

इतकी वर्षं झाली त्या पहिल्या सभेला. बफरताईने तिची रीत पडद्यावर मांडली, मोजकं बोलली, फार अडखळली नाही. मग कर्नल उठला आणि त्याने एकच प्रश्न विचारला. प्रश्न चांगला होता, तेही कबूल करायला हवं.

"कॉलबॅक परत आलाच नाही तर? एखाद्या मूर्खाने आतच अडकून बसणारा कोड लिहिला, आणि तुम्ही त्याला सगळ्यांच्या डोक्यावर बसवलंय. मग माऊससुद्धा हलायचा नाही. अख्खं यंत्र ओलीस. त्याचं काय?"

तिच्यापाशी उत्तर होतं. तयार होतं आणि छोटं होतं. कॉलबॅकला हक्क द्यायचा तो मुदतीसकट द्यायचा. वर एक घड्याळ बसवायचं. मुदत टळली की सिस्टिमने हक्क काढून घ्यायचा, त्या पठ्ठ्याला रांगेत मागे ढकलायचं आणि कार्डाला तेवढ्यापुरती शांतता पाठवायची. एक 'टक्' होईल, यंत्र वाचेल. सगळं उत्तर एका शब्दात मावत होतं, घड्याळ. आणि 'घ'वर तिची जीभ अडली.

"घ... घ... घ..."

कर्नलने थोडा वेळ वाट पाहिल्यासारखं केलं. भुवया उंचावल्या. मनगटावर नजर टाकली. मग सभेकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाला, "अहो बफरताई, आधी स्वतःचा बफर भरून घ्या, मग बोला."

हशा झाला. कंपनीच्या मोठ्या बाई अध्यक्षस्थानी होत्या, त्यांनीही तोंडाला रुमाल लावला. हशा ओसरेपर्यंत कर्नलने हात वर करायला सांगितले आणि त्याची टाकी मंजूर झाली. कुणी तिच्या रीतीतली चूक दाखवली नव्हती. ती हरली ती हशावर. हे तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

आई असली की समजूत घालते, सोडून दे म्हणते. ही आई त्यातली नव्हती. तिने स्वतः एका किटलीवरून नणंदेशी अबोला धरला होता आणि नणंद वारल्यावरही तो सोडला नव्हता. लेकीची हकिगत ऐकून ती एवढंच म्हणाली, "विसरू नकोस हां." आणि मग अधूनमधून, जेवायला वाढताना, कपडे घडी करताना, सहज विचारायची, "तो मेला आहे ना अजून कामावर? गेलाबिला नाही ना कुठे?" गेला असता तर माय-लेकी दोघींची पंचाईत झाली असती.

बफरताईने डूख धरला. तिला हव्या होत्या दोन गोष्टी. एक, त्याच माणसाने तोच प्रश्न भरल्या सभेत पुन्हा विचारावा आणि तिने त्याच्या तोंडावर घड्याळाचं उत्तर फेकावं. आणि दोन, त्याची बोबडी वळलेली बघायची. बढती, खुर्ची, मोठी केबिन, कशाकशाची तिला हाव नव्हती. आणि ॲपने सिस्टिमशी बोलायच्या या रीतीला इंटरफेस म्हणतात, त्याचं असं असतं की एकदा पक्का झाला की शेकडो लोक त्यावर आपापली ॲपं बांधून मोकळे होतात, मग तो बदलता येत नाही. त्यामुळे कर्नलचा ड्रायव्हर तिला स्वतःच्या हाताने सांभाळावा लागला. त्याची दुखणीखुपणी तिनेच काढली. सवतीच्या पोराला न्हाऊमाखू घालावं तसं वर्षानुवर्षं केलं, तोंडातून शब्द न काढता. शब्द तसेही निघत नव्हतेच.

मग सिस्टिमची नवी आवृत्ती निघायची ठरली. जुनं सगळं मोडून, नव्याने. आवाजाची रीत कोणती घ्यायची यावर पुन्हा सभा होणार होती. पहिलं गिऱ्हाईक ठरलं होतं ते रुग्णवाहिकांच्या कक्षाचं. त्यांनी आपलं एक टेलिफोन टेबल नमुन्यादाखल पाठवलं आणि एक अट घातली. फोनवर बोलणाऱ्या ऑपरेटरला हेडफोनमध्ये स्वतःचाही आवाज ऐकू आला पाहिजे, नाहीतर माणसं उगाच ओरडून बोलतात.

कर्नलच्या लोकांनी त्या टेबलावर त्याचा ड्रायव्हर चढवला आणि परीक्षा घेतली. परीक्षा म्हणजे काय, तर एक धून लावली आणि ती दिवसचे दिवस वाजू दिली. एकदाही 'टक्' झालं नाही. अखंड वाजतंय असा शेरा मारून पास केलं. ही चूक त्याच लोकांनी करावी. आवाज तुटत नाही ना एवढंच ते बघतात. तो केव्हा येतो हे बघायचं त्यांच्या ध्यानीमनी नसतं, कारण धून बिचारी 'मी उशिरा आले' असं कधी सांगत नाही. त्या टेबलाशी बसून दोन वाक्यं बोलून बघायचं कुणाला सुचलं नाही.

बफरताई एका दुपारी त्या टेबलाची एक सैल वायर बघायला बसली. हेडफोन कानाला लावला आणि माइक चालू आहे का बघायला "हॅलो" म्हणाली. हॅलो कानात आलं, पण जरा मागाहून, पाठीमागे बसलेली दुसरी बाई म्हणाल्यासारखं. ती पुढे बोलली. मग आणखी बोलली. मग शेजारी पडलेलं टेबलाचं माहितीपुस्तक उचललं आणि एक अख्खं पान मोठ्याने वाचून काढलं. एकाही अक्षरापाशी जीभ अडली नाही. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

हे तिला ठाऊक होतं. लहानपणी ज्या स्पीच थेरपीवाल्या बाईंकडे वडील तिला न्यायचे, त्यांच्याकडे असाच एक डबा होता. बोलणाऱ्याचा आवाज त्याच्याच कानात जरा उशिरा सोडणारा. काही अडखळणाऱ्यांची जीभ त्याने सुटते, हिची सुटायची. डबा दवाखान्याचा, घरी न्यायला मिळायचा नाही. एकदा वडिलांनी हौसेने तो स्वतःच्या कानाला लावला आणि म्हणाले, बघ आता कसा पुकारतो. आणि तो लिलाव गाजवणारा माणूस ततपप करायला लागला. "बोली ए-एक... बोली... बो..." थेरपीच्या बाई हसून म्हणाल्या, "धड बोलणाऱ्याची जीभ यानेच बांधली जाते हो. काढा तो, लगेच बरे व्हाल." वडील बरे झाले, पण घरी येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

सूड बफरताईच्या डोक्यात आला तो असा, सबंध आणि तयार. तिने एकही सेटिंग बदलली नाही. बदलायची गरजच नव्हती, कर्नलची टाकी होती तेवढी पुरेशी मोठी होती. कंपनीत एक नियम होता, जो मांडेल त्याने आपलं म्हणणं त्याच यंत्रावरून मांडायचं, कागदावरून नाही. नियम कर्नलनेच आणलेला, दुसऱ्यांची फजिती करायला. बफरताईने मोठ्या बाईंना दोन ओळी पाठवल्या. सभा या टेबलाविषयी आहे, तर नियमाप्रमाणे दोघांनीही टेबलाशी बसून, हेडफोन लावून बोलावं, असं सुचवते. बाईंनी होकार दिला. कर्नलने तर सगळ्यांना दिसेल असा अंगठा पाठवला.

मग तिने भाषण लिहिलं. आणि त्यातून घड्याळ गाळलं. कोडमध्ये घड्याळ होतं, भाषणात नाही. मुद्दामच. भोक दिसलं की कर्नल बोट घालणारच. जीभ वळत नसली तरी रडतखडत का होईना, तो प्रश्न विचारणारच, आणि मग ती हेडफोन परत मागून घेईल आणि न अडखळता सांगेल. सभेच्या सकाळी आईने तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "दाखव त्याला पाणी."

सभागृह भरलेलं होतं. मधोमध ते राखाडी टेबल, त्यावर दिवे, बटणं, एक जाडजूड हेडफोन. पहिल्या रांगेत मोठ्या बाई. कर्नल पायावर पाय टाकून बसलेला, शेजाऱ्याला काहीतरी सांगून हसवत होता. बफरताई टेबलाशी बसली, हेडफोन लावला आणि बोलायला लागली.

सुरुवातीला लोकांनी सवयीने मान खाली घातली होती. हळूहळू एकेक मान वर आली. बाई बोलत होती. स्वच्छ, ठाम, जराशी संथ. "आपल्या दाराशी रुग्णवाहिका यायची असते तेव्हा फोनवरचं माणूस आपल्याशी बोलत असतं. त्याच्या आवाजाला रांगेत उभं करायचं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे." कार्डाने मागायचं, कॉलबॅकने द्यायचं, ताजं द्यायचं, सगळं तिने सांगितलं. टाकीचा उशीर काढून टाका, असं ती त्याच उशिराच्या आधाराने सांगत होती, हे त्या खोलीत तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तिला त्याचं हसू आलं, पण तिने ते दाबलं.

ती थांबली तेव्हा टाळ्या पडल्या. कर्नल उठून टाळ्या वाजवत पुढे आला.

"बघा मंडळी," तो म्हणाला, "माझा ड्रायव्हर वाईट म्हणतात, आणि माझ्याच ड्रायव्हरवर बफरताईंना वाचा फुटली. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक काय पाहिजे?"

सभा हसली. बफरताईही हसली. मनापासून हसली. तिने हेडफोनच्या गाद्या रुमालाने पुसल्या आणि तो दोन्ही हातांनी त्याच्या स्वाधीन केला.

कर्नल बसला, हेडफोन लावला, घसा खाकरला. "मंडळी, मी आज फक्त..." तो थबकला. "फक्त-क्त दो... दोन मुद्दे..." त्याने माइक हलवून पाहिला. आवाज चढवला. चढवलेला आवाज कानात चढूनच परत आला. "दो-ओ-न मु... मुद्दे मां... मांड..." शब्द लांबायला लागले, एकमेकांच्या पायात पाय घालायला लागले. लोकांना आधी वाटलं, तो बफरताईची नक्कल करतोय. दोघंतिघं हसलेही. मग त्याचा चेहरा दिसला आणि हसणं थांबलं. तो लाल झाला होता. त्याने डावा हात गालाला लावला, मग ओठांना. आपल्याला काहीतरी होतंय, डोक्यातली एखादी शीर फुटतेय, असं त्याला वाटत होतं. ते बफरताईला स्पष्ट कळलं.

तिने एकच वाक्य बोलायला हवं होतं. हेडफोन काढा, तुम्हाला काही झालेलं नाही. ती मांडीवर हात ठेवून बसून राहिली. तुम्ही म्हणाल, हे क्रूर झालं. म्हणा. कुणी आपल्याला भर सभेत नाव ठेवावं, ते नाव वर्षानुवर्षं जिन्यात, उपाहारगृहात ऐकावं, वाढदिवसाच्या केकवर वाचावं, आणि मग क्रूर काय असतं ते ठरवावं.

कर्नल हट्टी होता. तो प्रश्नाकडे निघाला होता. "माझा ए... एकच प्र... कॉ... कॉल... कॉलबॅ..."

"कर्नल," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आधी बफर भरून घ्या."

आणि सभेला हसू फुटलं. टेबलावर हात आपटून, डोळे पुसत हसली. त्याच सभेतला तोच हशा, तस्साच. बफरताईला तो गोड लागला. खोटं कशाला बोला, इतकं गोड तिला आयुष्यात काही लागलं नव्हतं. आई इथे असायला हवी होती, असं तिला वाटून गेलं.

कर्नलने हेडफोन ओरबाडून काढला. मोठ्या बाईंनी हसू आवरून विचारलं, "बाईंच्या मांडणीवर कुणाचा काही आक्षेप?"

कर्नल उभा राहिला. आता त्याच्या कानाशी काही नव्हतं, आता तो बोलू शकत होता. पण त्याने तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. आता अडवत होती ती भीती. पुन्हा तसंच झालं तर, ही. बफरताई त्या भीतीसोबत लहानाची मोठी झाली होती, तिने ती लांबून ओळखली. सगळे छताकडे, बुटांकडे, फोनकडे बघत होते. ती एकटी त्याच्याकडे बघत होती, खुर्चीच्या कडेवर येऊन. विचार ना रे, ती मनात म्हणत होती. विचार की मेल्या. एवढा एक प्रश्न विचार. तिचं उत्तर ओठांवर येऊन उभं होतं, त्याच्या प्रश्नासाठी थांबलेलं. तिला सांगता आलं असतं, यांना असं विचारायचंय आणि त्याचं उत्तर असं. पण म्हणजे त्याला हात देऊन वर काढणं. ते तिच्याने होईना.

कर्नल खाली बसला.

"आक्षेप नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. हात वर झाले. मंजूर.

लोक बफरताईभोवती जमले. काय बोललात, काय फरक पडलाय तुमच्यात, कुठले उपचार घेतलेत, माझ्या पुतण्यालाही तसंच आहे. मोठ्या बाईंनी तर तिच्या गालावर हात ठेवला. कॉलबॅकबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. तो परत आला नाही तर काय, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ज्याच्या मनात आलं होतं असा एकच माणूस होता आणि तो कोपऱ्यात पाणी पीत उभा होता. म्हणजे पुन्हा हशावरच ठरलं. या खेपेला जिंकली एवढाच काय तो फरक. तिने तो विचार झटकला, पण तो झटकला गेला नाही.

दुपारी ती आपल्या जागेवर बसली होती. पडद्यावर घड्याळाचा कोड उघडा होता. मुदत टळली की हक्क काढून घेणारा, चारदोन ओळींचा, तिने वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेला. शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पावलं वाजली आणि कर्नल येऊन उभा राहिला. तोंड धुतलेलं, केस ओले. भांडायला आलेला दिसत नव्हता. उभा राहण्याची ढब अशी, की काहीतरी खरोखरच जाणून घ्यायचंय.

"मला..." तो म्हणाला. "मला वि... वि..."

आणि थांबला. बफरताईने वर पाहिलं. अडखळणाऱ्या माणसाच्या आयुष्यात सगळ्यात मोठा ताप कशाचा असेल तर मदत करणाऱ्यांचा. तुम्ही 'मला' म्हणायचा अवकाश, समोरचा तुमचं वाक्य उचलतो, गोड हसतो आणि त्याला वाटेल तिथे नेऊन ठेवतो. आणि तुम्ही मान हलवता. नाही, मला तसं नव्हतं म्हणायचं, हे सांगायला पुन्हा पहिल्या अक्षरापासून चढण चढावी लागते, म्हणून. तिने अशी मान हलवून नको ते बूट घेतले होते, नको त्या मजल्यावर लिफ्टमधून उतरली होती, नको त्या माणसाला होय म्हणायची वेळही एकदा आली होती.

तो काय विचारत होता ते तिला नीट माहीत होतं. इतकी वर्षं ती याचीच वाट बघत होती. ऐकायला सभा नव्हती, पण माणूस तोच होता. त्याला खुर्ची सरकवून द्यायची, पडद्याकडे बोट दाखवायचं, बस्स. बोलावंही लागलं नसतं.

तिने आवाज न करता पडदा बंद केला. मग तिने मदत करणाऱ्यांचं ते हसू चेहऱ्यावर आणलं, आपुलकीचं, घाईचं.

"म... माझं अ-अभिनंदन करायला आलात ना?" ती म्हणाली. हेडफोन नव्हता, तिलाही चढण चढावीच लागली. "मि... मिळालं हो. थ... थँक्यू."

कर्नलने तोंड उघडलं. नाही म्हणायला उघडलं होतं, ते तिला दिसलं. मग त्याने तोंड मिटलं आणि मान हलवली.

ती मान कशी हलते हे त्या इमारतीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने ती आयुष्यभर आतून हलवली होती, समोरून आज पहिल्यांदा बघितली. तो वळला आणि खुर्च्यांच्या रांगांमधून जिन्याकडे निघाला. तिने त्याला हाक मारायला तोंड उघडलं की नाही, हे तिला नंतर कधी नक्की सांगता आलं नाही. तो जिन्याशी पोचला, खाली उतरला, आणि घड्याळाचं उत्तर तिच्याजवळच राहिलं.